चालण्याजोगी तफावत

मापसाहेबांनी आयुष्यात कुठल्याही आकड्यावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. लग्न ठरताना मुलीची जी उंची सांगण्यात आली होती, तीसुद्धा त्यांनी पुढे सवड काढून भिंतीवर पेन्सिलीची खूण करून ताडून पाहिली होती. ती बोटभर कमी भरली, आणि हे त्यांच्या बायकोला अजूनही अधूनमधून ऐकावं लागे.

वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. बाजारात फिरायचं, दुकानदारांचे काटे तपासायचे, त्यांची वजनं आपल्या पेटीतल्या प्रमाण वजनांशी ताडून बघायची. वजन खरं निघालं तर त्याच्या पोटातल्या शिशावर हातोडीने शिक्का ठोकायचा, खोटं निघालं तर उचलून जप्त करायचं. मापसाहेब हे नाव बाजारानेच ठेवलेलं. त्यांची चाहूल लागली की तागड्या आपोआप सरळ होतात असं लोक म्हणत, आणि असं म्हणणाऱ्या लोकांत मापसाहेब स्वतः सगळ्यात पुढे असत. एवढ्या नोकरीत त्यांना कुणी फुकट चहा पाजल्याचं ऐकिवात नव्हतं. पाजायला गेलेल्या एकाचा कपच त्यांनी मापून बघितला होता म्हणे.

अशा माणसाला एका सकाळी दाढी करता करता झटका आला. अंगाची उजवी बाजू लुळी पडली आणि दाढी अर्धी राहिली. पुढचं सगळं रीतसर झालं: रुग्णालय, सलाइन, नातेवाइकांची रांग आणि प्रत्येकाच्या ओळखीतल्या त्याच आजाराच्या माणसाची गोष्ट. पाय लवकर ताळ्यावर आला. जीभ त्याहून लवकर आली, आणि ती आल्याचं सगळ्यांत आधी वॉर्डातल्या नर्सबाईंना कळलं, कारण त्यांनी औषध चमच्यात नुसत्या नजरेच्या अंदाजाने ओतलं होतं. मागे राहिला तो उजवा हात. तो हलायचा, पण सांगितलेलं काम दोनदा विचारून घेतल्यासारखं करायचा.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत कचेरीतून पत्र आलं. प्रकृतीत किती सुधारणा झाली याचा रुग्णालयाचा दाखला आणावा. दाखला समाधानकारक असेल तर पूर्वीप्रमाणे बाजाराची फेरी मिळेल, नसेल तर निवृत्तीपर्यंत आवक-जावकचं टेबल. मापसाहेबांनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. आवक-जावकच्या टेबलावर कागद येतात, कागद जातात आणि माणूस तिथेच राहतो. त्या टेबलावर गेलेला माणूस पुन्हा उन्हात आलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी कपाटातून हातोडी काढली, पुसली आणि परत ठेवली. ठेवताना ती हातातून निसटली, पण पायावर न पडता बाजूला पडली, ही गोष्ट त्यांनी प्रकृतीतली सुधारणा म्हणून जमेस धरली.

दाखल्यासाठी रुग्णालयात जाताना त्यांना वाटलं होतं की रक्त काढतील, तारा लावतील, निदान गुडघ्यावर छोटी हातोडी तरी मारतील. हातोडीबद्दल त्यांना एकूणच आदर होता. पण त्यांना एका लहानशा खोलीत पाठवण्यात आलं. तिथे चष्मा लावलेली एक तरुण डॉक्टरीण बसली होती. रुग्णालयात तिला सगळे प्रश्नवाल्या डॉक्टर म्हणत. आजारातून उठलेल्या माणसाला नुसतं जगवून भागत नाही, तो जगतोय कसा हेही बघावं लागतं, असं ती म्हणाली आणि तिने कागदांचा एक संच पुढे केला. एक जिना चढताना किती त्रास होतो? शर्टाची बटणं लावता येतात का? गेल्या चार आठवड्यांत किती वेळ शांत वाटलं? किती वेळ चिडचिड झाली? लोकांना भेटणं टाळता का? आणि शेवटी, एकंदरीत किती बरे आहात, शून्य ते दहा.

"यात बरोबर-चूक असं काही नसतं हं काका," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेल तो आकडा लिहा."

मापसाहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. ज्या मापात बरोबर-चूक नसतं, ते माप त्यांनी जन्मभर जप्त केलं होतं. दहा म्हणजे नेमकं किती, असं त्यांनी विचारलं. तुमच्या दृष्टीने सगळ्यात चांगलं म्हणजे दहा, असं उत्तर मिळालं. मग शेजारच्या माणसाचा दहा आणि आपला दहा एकच कशावरून, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरीण हसली आणि म्हणाली की यावर लोक मोठमोठे ग्रंथ लिहितात. मापसाहेबांना हे एखाद्या लबाड किराणावाल्याचं उत्तर वाटलं. पण दाखला तिच्याच हातात होता. त्यांनी कागद काखोटीला मारले. निघताना तिने आणखी एक संच दिला, वेगळ्या रंगाचा. तो रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाने भरायचा होता, म्हणजे अर्थात बायकोने, आणि दोघांनी एकमेकांचं बघायचं नव्हतं.

मापसाहेब घरी पोचण्याआधीच बातमी घरी पोचली होती. समोरच्या दारातले विमावाले तर पायरीवरच उभे होते. ते विमा एजंट होते आणि कुठल्याही कागदावर काय लिहू नये हे त्यांना पाठ होतं. त्यांचं म्हणणं, सगळं वाईटच लिहा. बरं लिहिलं की संपलं, पुढे काही मागता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका जिना उतरता उतरता थांबल्या आणि म्हणाल्या की उत्तरं पूर्ण वाक्यात लिहा आणि समास सोडा, निम्मे गुण तिथेच मिळतात. मापसाहेबांनी दोघांचे आभार मानले आणि दोघांचं ऐकलं नाही. आपण जे लिहू ते तपासून लिहू, असं त्यांनी जाहीर केलं.

आणि खरोखरच ते तपासायला लागले. जिना चढताना त्रास होतो का, या प्रश्नासाठी त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना वरच्या पायरीवर आणि विमावाल्यांना खालच्या पायरीवर साक्षीदार म्हणून उभं केलं. मापसाहेब न थांबता वर गेले. विमावाले त्यांच्यामागून आले आणि मध्येच कठडा धरून उभे राहिले. बटणांच्या प्रश्नाला मापसाहेबांनी सगळ्यांसमोर सदरा घातला आणि चटाचट बटणं लावून दाखवली, तीही उजव्या हाताने. पाण्याचा तांब्या उचलून दाखवला. मुरांब्याच्या बरणीचं झाकण फिरवून उघडलं. मुख्याध्यापिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. चिडचिड होते का, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, आणि आतून उत्तर यायला जरा वेळ लागला म्हणून ते चिडले.

बेरीज-वजाबाकी करून त्यांनी शेवटच्या रकान्यात नऊ पूर्णांक चार दशांश असं लिहिलं. रुग्णालयातल्या खिडकीवरच्या कारकुनाने ते घेतलं नाही. यंत्राला दशांश चालत नाही, म्हणाला. दशांश न चालणारं यंत्र सरकारी पैशातून घेतलंच कसं, यावर मापसाहेबांनी त्याला बरंच काही ऐकवलं. मागची रांग वाढत गेली. शेवटी त्यांनी चार दशांश खोडले. मग खाडाखोडीवर सही हवी झाली. सही केली ती पहिल्या सहीशी जुळेना, कारण पहिली सही हात ताजातवाना असताना केलेली होती. मग ही सही त्यांचीच आहे, अशा अर्थाचा अर्ज हवा झाला, आणि अर्जावर सही. तिसरी सही दोन्ही आधीच्यांहून वेगळी आली. कारकुनाने हात टेकले आणि अंगठा घेतला. ज्याच्या सहीने अख्ख्या बाजारातले काटे चालत, त्याचा अंगठा घेतला गेला.

पण खरा दणका पुढेच होता. दाखला मिळणार नाही, असा निरोप आला. कारण रुग्णाचा आकडा नऊ आणि काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा आकडा चार. इतकी तफावत चालत नाही, खुलासा करावा.

"चार?" मापसाहेबांनी बायकोला विचारलं.

"मला दिसलं ते लिहिलं," ती म्हणाली आणि भांडी लावायला गेली.

मापसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाच्या शब्दावर बाजार चालला, त्याला घरात चार गुण. उत्तीर्णसुद्धा नाही. त्या दिवसापासून घरात बोलणं फक्त कामापुरतं उरलं. पाणी, पेपर, औषध. नाही म्हणायला मुरांबा मधूनमधून पुढे यायचा, पण तो अबोल मुरांबा असायचा.

निरीक्षकाला खुलासा लिहायला सांगितलं की तो आधी काटा तपासतो. मापसाहेबांनी तेच ठरवलं. काटा खरा की खोटा हे कसं कळतं? त्यावर ठाऊक असलेलं वजन ठेवून. म्हणजे या प्रश्नावलीवर धडधाकट माणसं ठेवायची. ती दहा भरली तर काटा खरा. त्यांनी प्रश्नांच्या प्रती काढल्या आणि इमारतीत वाटल्या. वाटताना प्रत्येकाला बजावलं की यात बरोबर-चूक असं काही नसतं. हे वाक्य त्यांच्याच तोंडून आलं याचं त्यांना नंतर बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

विमावाले पाच भरले. प्रश्न वाचताना त्यांना प्रथमच समजलं की गेल्या चार आठवड्यांत त्यांना एकदाही शांत वाटलेलं नाही, आणि त्याआधीच्या चार आठवड्यांतही नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी आपली उत्तरं आधी सुवाच्य अक्षरात लिहिली, मग लाल शाईने तपासली आणि स्वतःला साडेतीन दिले. खालच्या मजल्यावरच्या जोडप्यात, घरातले लोक आपल्याला समजून घेतात का, या प्रश्नाला नवऱ्याने शून्य लिहिलं आणि बायकोनेही शून्य लिहिलं. लग्नानंतर त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, पण ते साजरं करावं अशा मनःस्थितीत दोघंही नव्हती. तात्पर्य, अख्ख्या इमारतीत झटका येऊन गेलेला एकमेव माणूस सगळ्यांत निरोगी निघाला. मापसाहेबांनी हे निकाल जिन्याखालच्या फळ्यावर लावले. स्वतःचं नाव सगळ्यांत वर लिहिताना त्यांना थोडा संकोच वाटला असं ते म्हणाले, पण अक्षर मात्र त्यांनी जरा मोठंच काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारत रुग्णालयाच्या रांगेत उभी होती. जो तो आपापला आकडा घेऊन आला होता आणि प्रश्नवाल्या डॉक्टरांनाच भेटायचं म्हणत होता. विमावाल्यांना तर रात्रीतून छातीत, पाठीत आणि एका कानात दुखायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या माणसाला विचारलं की तुम्हाला कुणी पाठवलं, आणि मग दुसऱ्याला विचारण्याची गरज उरली नाही.

मापसाहेबांना बोलावणं आलं. ते इस्त्रीचा सदरा घालून, रीतसर अहवाल घेऊन गेले. अहवालाचा सारांश असा की सदर मापनयंत्र तपासले असता निरोगी व्यक्तींचे वजन कमी दाखवते व आजारी व्यक्तीचे जास्त दाखवते, सबब ते वापरातून काढावे. डॉक्टरीण रागावेल अशी त्यांची अपेक्षा होती. रागावलेल्या दुकानदाराशी कसं बोलायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण तिने अहवाल मन लावून वाचला, एका वाक्याखाली रेघही मारली, आणि म्हणाली की काका, तुम्ही जे पकडलंत ते पकडायला आम्हाला फार अभ्यास करावा लागतो.

मापसाहेबांची मान ताठ झाली.

"फक्त काटा माझा नाही सरकला," ती पुढे म्हणाली. "तुमचा सरकला."

मग तिने समजावून सांगितलं. मोठ्या आजारातून जो उठतो त्याचं शून्य खाली जातं. तांब्या उचलता येत नव्हता, आता येतो, म्हणून त्याला तो दहा वाटतो. पूर्वी ज्या दिवसाला त्याने सहा दिले असते त्याच दिवसाला तो आता नऊ देतो. आणि शेजारी कधी पडलेच नाहीत, म्हणून त्यांना कठडा धरावा लागला की पाचच वाटतात. यात खोटं कुणीच बोलत नाही. काकूंनी मात्र तुम्हाला जुन्या मापसाहेबांशी ताडून पाहिलंय.

"म्हणजे मी खोटा काटा?" मापसाहेबांनी विचारलं.

"खोटा नाही हो. सरकलेला. तुम्ही दोघं मिळून नीट बघा आणि पुन्हा भरा. थोडी तफावत राहिली तरी चालेल, एक-दोनची. तेवढी कुठल्याही घरात असते. आणि एक विचारा घरी. तुम्ही जे सगळं करता म्हणता, ते करताना मदत कोण करतं."

मापसाहेब परत आले ते डोक्यात काहूर घेऊनच. मदत? जिना ते एकटे चढले होते. बटणं त्यांनी एकट्याने लावली होती. घरी बायको बाजारात गेलेली होती. त्यांनी अंगातला सदरा काढला, उजेडात धरला आणि आयुष्यात प्रथमच आपल्या सदऱ्याची तपासणी केली. वर बटणं होती, पण ती नुसती शोभेची. काजं आतून शिवून टाकलेली आणि खाली टिचबटणं लावलेली. हात नुसता दाबला तरी सदरा बंद होत होता. त्यांनी कपाट उघडलं. एकूण एक सदरा तसाच.

मग त्यांनी स्वतःच्या घरावर छापा घातला. पाण्याचा तांब्या नेहमीचा नव्हता, त्याच्यासारखाच दिसणारा पण हलका होता आणि तोही अर्धाच भरलेला. बरण्यांची झाकणं सगळी सैल. पेपर वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आलेले. चपलांचे पट्टे सैल केलेले, न्हाणीघराच्या कडीला दोरी बांधलेली. त्यांनी मुद्देमाल टेबलावर मांडला आणि त्याच्याकडे बघत बसले. काट्याचं एक पारडं हलकं असेल तर दुकानदार खालून गुपचूप काहीतरी अडकवतो आणि दांडी सरळ दाखवतो. त्याला पासंग म्हणतात. एवढ्या नोकरीत त्यांनी किती पासंग पकडले असतील याला गणती नव्हती. आणि इथे त्यांच्या अख्ख्या घराला कुणीतरी पासंग लावला होता आणि ते नऊ पूर्णांक चार दशांश म्हणत फिरत होते.

बायको आली. टेबल बघून तिने पिशवी खाली ठेवली.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही झोपलात की. एकेक करून."

"आणि वर मला चार दिलेस."

ती समोर बसली. तिला राग आलेला नव्हता, ती दमलेली होती. "तुम्ही पडलात त्या दिवशी तुमचा हात धरून बसले होते मी. किती हाका मारल्या. त्या हाताने एकदासुद्धा माझं बोट धरलं नाही. म्हटलं, आता घरी आल्यावर या माणसाला काही जमलं नाही तर तो मोडेल. म्हणून सगळं सैल करून ठेवलं. मग तो कागद आला, खरं लिहा म्हणाले. मग मी सगळं सैल केलेलं वजा केलं. चार उरले."

आपला पाणउतारा झाला आहे की आपल्यावर कुणी फार मोठं प्रेम केलं आहे, हे मापसाहेबांना ठरवता येईना, आणि दोन्ही एकाच वेळी झालेलं असू शकतं ही गोष्ट त्यांच्या खात्याच्या नियमांत कुठे नव्हती. बराच वेळ ते टिचबटणाशी चाळा करत बसले.

"पासंग काढ," ते शेवटी म्हणाले. "सगळा. मग मोजू."

पुढचे काही आठवडे त्या घरात जे चाललं त्याचं वर्णन करणं त्यांच्या प्रतिष्ठेला धरून नाही. सदऱ्याचं पहिलं बटण तिसऱ्या काजात गेलं आणि मापसाहेब तसेच दार उघडायला गेले. तांब्या भरून उचलला आणि पाणी पेपरवर, पेपर मुख्याध्यापिकाबाईंचा. झाकणाशी झटापट करताना मुरांब्याची बरणी काखेत, मग दोन गुडघ्यांत, मग दाराच्या फटीत धरून झाली. विमावाले मदतीला धावून आले आणि बरणी फुटली, हा भाग विम्यात बसत नाही हे त्यांनीच सांगितलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहायची. घडी घट्ट असायची. पुढे न होण्यासाठी तिला ती तशी धरावी लागत होती. हळूहळू बटणं आपापल्या काजांत जायला लागली. वेळ लागायचा, पण जायची.

एक प्रश्न मात्र उरला होता. लोकांना भेटणं टाळता का? मापसाहेबांनी पहिल्यांदा ठणकावून 'नाही' लिहिलं होतं. खरं म्हणजे आजारानंतर त्यांनी बाजारात पाऊल टाकलं नव्हतं. उन्हाचं निमित्त, पावसाचं निमित्त, कधी नुसतंच निमित्त. ज्या बाजारात आपण गेलो की माणसं घाबरायची, तिथे माणसं आता हळहळतील याची त्यांना धास्ती होती. एका सकाळी त्यांनी स्वतःच पिशवी घेतली आणि बायकोला म्हणाले, चल.

बाजार हळहळलाच. प्रत्येक जण कसं वाटतंय म्हणून विचारत होता. एकाने तर बसायला खुर्ची आणली, जी मापसाहेबांनी नजरेने परत पाठवली. नेहमीच्या भाजीवालीने मावशीसारखं तोंडभर हसून बटाटे तोलले. मापसाहेब तेवढ्यात सवयीने शेजारच्या गाळ्यावरच्या तागडीकडे डोळे वटारून बघत होते. मग त्यांनी पिशवी घेतली, आणि मुद्दाम उजव्या हातात घेतली.

हात खाली गेला. पिशवी गुडघ्यापर्यंत आली. भाजीवालीने नजर दुसरीकडे वळवली आणि बायकोचा हात आपोआप पुढे झाला.

"थांब," मापसाहेब म्हणाले. त्यांनी पिशवी पुन्हा वर उचलली, जरा खालीवर केली. "हात बरोबर आहे. माल जास्त आहे."

बायको हळूच म्हणाली, अहो, दमला असाल, द्या इकडे. भाजीवाली म्हणाली, साहेब, दोन किलोच आहे, तुमच्यासमोर तोललं. हात अजून कच्चा आहे तुमचा, होईल हळूहळू. मापसाहेबांचे कान तापले. चारचौघांत त्यांच्या हाताला कच्चं म्हटलं गेलं होतं, आणि तेही बटाट्यांच्या बाबतीत. त्यांनी पिशवी पारड्यात ठेवली आणि फेरतोल मागितला. दांडी थरथरली. बायको दांडीकडे बघत नव्हती, ती त्यांच्याकडे बघत होती. मग बटाट्यांचं पारडं सावकाश खाली बसलं आणि वर आलंच नाही.

भाजीवालीने पदर तोंडाला लावला. मग सगळं सांगून टाकलं. साहेब पडल्यापासून ती बाईंना प्रत्येक वेळी वरून ओंजळभर जास्त टाकत आली होती. बाई एकट्या पडल्यात, म्हणून. आजही हात तसाच वळला.

"जास्त देणं हेसुद्धा खोटं मापच असतं, बाई," मापसाहेब गरजले. "काढा ते. आत्ता काढा." आणि दांडी सरळ होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. शेवटचा एक बटाटा बसेना म्हणून त्याच्याजागी दुसरा लहान शोधायला लावला. मग पुढच्या गाळ्यावर गेले, तिथल्या वजनावरचा शिक्का झिजलेला पकडला आणि त्यावरून अर्धा तास वाद घातला. बाजारात बातमी पसरली की साहेब बरे झाले. तागड्या सरळ झाल्या, आणि काही वजनं घाईघाईने पोत्याखाली गेली.

घरी येताना पिशवी त्यांच्याच हातात होती. बायको एक पाऊल मागून येत होती. वाटेत भेटलेल्या एका ओळखीच्या बाईला तिने कुणी न विचारता सांगितलं की नुसत्या हाताने ओळखलं यांनी, उजव्या. मापसाहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं, पण चाल मात्र जरा हळू केली, म्हणजे तिला आणखी एखादी ओळखीची बाई भेटली तर सांगायला सापडावी.

संध्याकाळी दोघं टेबलाच्या दोन बाजूंना कागद घेऊन बसली. मापसाहेबांनी एकेक प्रश्न नीट वाचला. बटणं, वेळ लागतो. जिना, त्रास नाही. शांत वाटतं का, कधी कधी. लोकांना भेटणं टाळता का, टाळत होतो. शेवटच्या रकान्यात त्यांनी उजव्या हाताने सहा लिहिला. तो थोडा वाकडा आला, पण वाचता येत होता. सहा हा आकडा लिहिताना आपल्याला एवढा अभिमान वाटेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. नऊ पूर्णांक चार दशांशाच्या वेळीसुद्धा वाटला नव्हता.

बायकोने आपला कागद तळहाताने झाकून लिहिला. मग हात काढला. सात होते.

मापसाहेबांनी चष्मा सरसावला. "हा एक जास्तीचा कशाचा?"

"सकाळचा," ती म्हणाली.

"जास्त देणं हेसुद्धा—"

"ते तुमच्या खात्यात," ती म्हणाली. "हा माझा कागद आहे."

टेबलावर तिचा हात होता. मापसाहेबांनी आपल्या उजव्या हाताने तिचं बोट धरलं, आणि ते चांगलं घट्ट धरलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी पुढे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि तफावत एकची, चालण्याजोगी, असा शेरा मारून दाखल्यावर सही केली. मापसाहेब पेटी घेऊन बाजाराच्या फेरीवर रुजू झाले, आणि त्यांनी ठोकलेला पहिला शिक्का किंचित तिरका पण पूर्ण उमटला. तोपर्यंतच्या सगळ्या नोकरीत त्यांनी जास्तीचं माप एकदाच चालवून घेतलं होतं, आणि त्याची नोंद त्यांनी कुठेही केली नाही.